पहिला चीक: टाकतात का, आणि बाळापर्यंत पोहोचवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण, माहेरी, वडोदऱ्यात दांडिया बाजारात. तारीख पुढच्या महिन्यातली. विहीणबाई नडियादच्या, त्या गळथूथी, म्हणजे बाळाला पहिल्यांदा चाटवायचं गूळ-तूप, घेऊन येणार आहेत. घरातल्या आजींचं म्हणणं, पहिल्या तीन दिवसांचा चीक बाळाला बाधतो, तो पिळून टाकायचा. डॉक्टर म्हणतात, लगेच पाजा. बायका हे दूध टाळतात तरी का, आणि घरात भांडण न होता काय करता येईल?

आधी एक फरक लक्षात घ्या. चीक टाकणं वेगळं आणि चीक न मिळणं वेगळं. पहिल्या प्रकारात कोणीतरी हातानं दूध पिळून मोरीत टाकतं. दुसऱ्यात कोणी काही टाकत नाही. पहिले दोन दिवस बाळाला छातीशी धरायचंच राहून जातं आणि तोवर पावडरचं दूध सुरू झालेलं असतं. शहरात आता हा दुसरा प्रकार जास्त दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. २०१५-१६ मध्ये देशातली ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. आणि जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं? ४१.६ टक्क्यांवरून ४१.८. बाया दवाखान्यात आल्या, चीक होता तिथेच राहिला. तेव्हा सगळा दोष आजींच्या माथी मारून हे सुटणार नाही.

तरी आजींचं म्हणणं आधी नीट समजून घेऊ, कारण ते वाटतं तितकं अडाणीपणाचं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर गाईचा चीक आहे. गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध घरी यायचं, त्यात गूळ आणि वेलदोडा घालून वाफवलं की विरजण न लावताच घट्ट वडी पडायची. आपण त्याला खरवस म्हणतो, गुजराती शेजारी बळी म्हणतात. खाताना सगळे खुशीत, पण पोरांना मात्र दोन वड्यांवर तिसरी मिळायची नाही, पोट बिघडेल म्हणून. आता जे दूध सुरीनं कापता येतं ते एका दिवसाच्या जिवाला कसं पचायचं, ही शंका रास्तच आहे. तिचं उत्तरही स्वयंपाकघरातच आहे. खरवस होतो तो वाफेच्या उष्णतेनं. चिकात जी जास्तीची प्रथिनं असतात ती तापली की गोठतात. बाळाच्या पोटात वाफ नसते. दुसरं, खरवसाला अर्धा-एक लिटर चीक लागतो. बाळाच्या पोटात पहिल्या दिवशी एका वेळी जातो तो २ ते १० मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्यानं अर्धा ते दोन चमचे. आणि तिसरं, बाईचा चीक आणि गाईचा चीक एकसारखे नसतात.

हा तिसरा मुद्दा थोडा उलगडून सांगतो, कारण विहीणबाईंच्या माहेरी-सासरी जनावरं असतील तर त्यांना पटणारी गोष्ट यातच आहे. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढणारी द्रव्यं जवळपास मिळतच नाहीत. ती त्याला चिकातूनच, आतड्यातून रक्तात शोषून घ्यावी लागतात, आणि शोषणारं ते दार पहिल्या दिवसातच मिटत जातं. म्हणून दूध धंद्यातला माणूस वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजतोच. नाही पाजला तर हगवण लागून वासरू दगावतं, हे नडियादच्या बाजूला, खेडा-आणंद पट्ट्यात कोणाला शिकवावं लागत नाही. माणसाच्या बाळाला रक्तातली बरीच शिदोरी गर्भात असतानाच, शेवटच्या महिन्यांत, वारेतून मिळालेली असते. आईच्या चिकाचं काम वेगळं. त्यातली मुख्य प्रतिद्रव्यं रक्तात जायला नसतातच; ती बाळाच्या तोंडापासून आतड्यापर्यंत आतून लेप दिल्यासारखी बसतात आणि जंतूंना भिंतीला चिकटू देत नाहीत. जमिनीवर फरशी बसवायच्या आधी खालचा थर घालतात, तसं. आणि म्हणून तो थर पहिला पडायला हवा. आधी गुळाचं पाणी, मग चीक, असा क्रम लावला तर थर घालायच्या आधीच चिखलाचे पाय आत आले.

पिवळा रंग आणि चिकटपणा यांनीही माणसं बिचकतात. ‘हा पू आहे’, ‘नऊ महिने साठलेलं शिळं दूध आहे’ ही दोन वाक्यं आम्हांला मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत, तिन्ही भाषांत ऐकायला मिळतात. पिवळेपणा गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याचा, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. चव जरा खारट असते, कारण मीठ जास्त आणि साखर कमी. शिळेपणाबद्दल मात्र खोटं उत्तर देऊ नका. ‘हे आजच तयार झालं’ असं सांगितलं आणि लेकीच्या छातीतून सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच थेंब येत असले, तर तुमचा शब्द पडेल. खरी गोष्ट अशी की चीक साधारण चौथ्या महिन्यापासून तयार होऊ लागतो. पण तो डब्यात भरून ठेवल्यासारखा पडून राहत नाही. शरीर तो करत असतं आणि परत शोषतही असतं. चालत्या विहिरीचं पाणी शिळं होत नाही, इतकंच आजींना सांगा.

एक रंग खरोखर घाबरवणारा असतो. क्वचित, विशेषतः पहिलटकरणीला, चीक तांबूस किंवा गंजल्या नळाच्या पाण्यासारखा तपकिरी येतो. स्तन वाढताना आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात त्याचं ते रक्त. दुखत नाही, बहुधा दोन्हीकडून येतं आणि आठवड्याभरात आपोआप थांबतं. बाळाला ते चालतं. फार तर उलटीत किंवा शीमध्ये थोडं दिसेल. आठवड्यापुढे टिकलं किंवा एकाच बाजूनं येत राहिलं तर दाखवून घ्यावं.

आता गळथूथी. गूळ, तूप आणि पाणी, कापसाच्या वातीनं बाळाच्या ओठांवर. देणारी व्यक्ती शांत, गुणी निवडतात, कारण बाळ तिच्या वळणावर जातं असा समज. आपल्याकडे सोनं उगाळून मध चाटवतात. भाव एकच आहे. भावाला हात लावायचं कारण नाही. वस्तूला लावायचं आहे. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून असं विष सोडतात की बाळ लुळं पडतं, श्वास अडतो. म्हणून वर्षभर मध नाहीच, उकळलेला नाही, घरच्या पोळ्याचाही नाही. तूप घशात अडकून श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते. गुळाच्या पाण्यानं तितकं भयंकर काही होईलच असं नाही, पण वात, वाटी, बोटं आणि पाणी या चार वाटांनी जंतू येतात आणि बाळाची भूक मरते.

कोणी ग्रंथाचा दाखला देतील. सुश्रुतसंहितेत दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर उतरतं असं आहे आणि तोवर मध-तूप सांगितलं आहे, हे खरं. निरीक्षणही अचूक आहे: भरून येणारं पांढरं दूध तेव्हाच येतं. पण चरकसंहितेत जातकर्माच्या चाटणानंतर लगेच उजवं स्तन द्यायला सांगितलं आहे. तेव्हा ग्रंथाची बाजू एकच नाही.

तोडगा असा, आणि तो घराघरांत चालतो: गळथूथी होऊ दे, पण चिकाचीच. लेकीचे चार-पाच थेंब स्वच्छ, उकळून घेतलेल्या चमच्यात काढायचे आणि विहीणबाईंच्या हातानं बाळाच्या ओठाला लावायचे. मान त्यांचा, हात त्यांचा, वस्तू आईची. हे त्यांना आजच फोन करून विचारा, ‘पहिला थेंब तुमच्याच हातून’ अशा शब्दांत. प्रसूतिकक्षाच्या दाराशी हुज्जत घालायची वेळ आली की नेहमी बाळ हरतं.

काही घरांत, विशेषतः उत्तरेकडून इथे कामाला आलेल्या कुटुंबांत, नणंदेनं छाती धुतल्याशिवाय पाजायचं नाही अशी रीत असते आणि नणंद गावाहून येईपर्यंत बाळ थांबतं. तुमच्याकडे नसेल, पण शेजारच्या खाटेवर दिसेल. त्यातला एक धागा आपल्याकडेही आहे: पाजायच्या आधी साबणानं छाती धुणं. ते करू नका. नुकतं जन्मलेलं बाळ वासानं वाट काढतं. त्याच्या हातांना गर्भजलाचा वास असतो, बोंडाभोवतालच्या काळसर भागाला तसाच ओळखीचा वास असतो. साबणानं ती खूण पुसली जाते आणि कातडीही कोरडी पडून भेगा पडतात. आंघोळीचं साधं पाणी पुरे.

इथवर रीतिरिवाज झाले. आमच्या मते आज चीक चुकण्याचं सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते तीन शब्दांत मावतं: ‘दूधच येत नाही’. वॉर्डात गुजरातीत ऐकाल, ‘बेन, धावण आवतुंज नथी’. आई छाती दाबून बघते, दोन पिवळे थेंब येतात, सासू आणि मावशी एकमेकींकडे बघतात, आणि नवरा खाली औषधाच्या दुकानात डबा आणायला जातो. ते दोन थेंब म्हणजेच पहिल्या दिवसाचं पूर्ण जेवण आहे हे त्या क्षणी कोणी बोलत नाही. वार पडली की आईच्या रक्तातलं एक संप्रेरक झपाट्यानं उतरतं आणि त्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांनी दूध भरून येतं. सिझेरियन, पहिलं बाळंतपण, मधुमेह, खूप रक्तस्राव यांत एखादा दिवस उशीर होतो. तोवर चीक थोडाच असायचा. तो थोडा असणं ही उणीव नसून मापच तसं आहे: बाळाला त्याच काळात चोखणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड घालायला शिकायचं असतं, आणि घट्ट थोडक्या घोटांवर ते शिकता येतं.

आता या जागी ३० मिलिलिटर पावडरचं दूध पाजलं की काय होतं बघा. बाळ चार तास गाढ झोपतं. सगळे म्हणतात, ‘बघा, भुकेलं होतं’. त्या चार तासांत छाती चोखली जात नाही. चोखलं नाही की मेंदूला निरोप जात नाही, दूध उतरायला आणखी उशीर होतो. पुढच्या वेळी छातीत काहीच नाही असं वाटतं, मग दुसरा डबा. बाटलीनं दिलं असेल तर बाळाला न चोखता तोंडात पडायची सवय लागते आणि छातीशी ते रडतं. तिसऱ्या दिवशी दूध येतं तेव्हा छाती दगड होते, बोंड सपाट होऊन धरता येत नाही, आणि मग ‘हिला दूध होतं पण बाळानं घेतलं नाही’ ही गोष्ट कायमची घरात राहते. कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं.

म्हणून पहिला तास. बाळ जन्मल्यावर साधारण तास-दोन तास टक्क जागं असतं, नंतर बराच वेळ झोपतं. ती जाग वजन, आंघोळ आणि फोटो यांत गेली की मग झोपलेल्या बाळाला छातीशी धरून बसावं लागतं. करायचं असं: बाळाचं अंग पुसून, हात न पुसता, आईच्या उघड्या पोटा-छातीवर पालथं ठेवायचं, डोक्याला टोपी, दोघांवर मिळून एक पांघरूण, नाक मोकळं दिसेल असं. आंघोळ चोवीस तास नको. अंगावरचा पांढरा लेप राहू द्यावा. पहिली वीस मिनिटं बाळ काही करत नाही असं वाटतं. मग ते ओठ चाटतं, हात तोंडाशी नेतं, पायानं रेटा देत सरकतं. मध्येच उचललं तर सगळं पहिल्यापासून. वजन आणि इंजेक्शनं तासानंतर चालतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. घानाच्या ग्रामीण भागातल्या सुमारे अकरा हजार बाळांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंपैकी १६ टक्के पहिल्या दिवशी पाजल्यानं टळू शकतात आणि २२ टक्के पहिल्या तासात पाजल्यानं, असा हिशेब त्यातून निघाला. आपल्या दवाखान्यांना ते आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा तीच.

सिझेरियन झालं तर? भूल बहुधा कमरेतून दिलेली असते, म्हणजे आई जागी असते. टाके घातले जात असतानाही बाळ तिच्या गालाशी, छातीवर आडवं ठेवता येतं. ते जमलं नाही तर खाटेवर आल्या आल्या. पहिल्या वेळी ती कुशीवर, पाठीशी उशी, बाळ तिच्याकडे तोंड करून. दुसऱ्या दिवसापासून काखेत धरून, बाळाचे पाय आईच्या पाठीकडे, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. ‘औषधं दुधात उतरतील’ ही भीती सरसकट धरू नका. सिझेरियननंतर नेहमी दिली जाणारी वेदनाशामकं आणि प्रतिजैविकं पाजताना चालतात. आई उपाशी आहे म्हणून दूध नाही, हेही खरं नाही. आणि हो, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, गुजराती बाळंतिणीचं काटलुं, सगळं अवश्य करा, बाळंतिणीला बळ हवंच. पण चीक वाढतो तो काढल्यानं, खाल्ल्यानं नाही.

तोंडात धरवणं. बाळाचं नाक बोंडासमोर, डोकं किंचित मागे, तोंड मोठं उघडलं की हनुवटी आधी टेकेल असं चटकन जवळ घ्यायचं. आईनं पुढे वाकायचं नाही. नीट धरलं असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, काळसर भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा. पहिले काही सेकंद टोचतं. तरीही दुखत राहिलं तर तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा धरवायचं. दात-ओठ खाऊन सहन करत बसली की दुसऱ्या दिवशी चीर पडते, आणि चीर पडलेली आई पुढच्या वेळी बाळाला जवळ घ्यायला कचरते.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो ते: हातानं चीक काढणं. बाळ झोपाळू आहे, काचेच्या पेटीत आहे, अडीच किलोच्या खाली आहे, बोंड सपाट आहे, आई शुद्धीवर आहे पण हलता येत नाही, या सगळ्यांत हे एक कौशल्य आलं तर डबा लागत नाही. यंत्राचा इथे उपयोग नाही. इतका थोडा आणि घट्ट चीक पंपाच्या भांड्यालाच चिकटून जातो. हात साबणानं धुवा. दोन मिनिटं गरम ओल्या फडक्यानं शेकून, तळव्यानं हलकं चोळा. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, बोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे, साधारण काळसर भागाच्या कडेशी. आधी सरळ आत, छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा. मग बोटं एकमेकींकडे मिटवा. सोडा. पुन्हा दाब, मीट, सोड, असा ताल. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत आणि बोंड चिमटायचं नाही. गाय पिळल्यासारखं ओढलं की नुसती आग होते, निघत काही नाही. पहिलं एक-दोन मिनिट काहीच येणार नाही. इथेच बहुतेक जणी सोडतात. मग मधासारखा एक थेंब बोंडावर उभा राहतो, खाली पडतही नाही. तो चमच्याच्या कडेनं टिपायचा. बोटं घड्याळाच्या काट्यांसारखी थोडी फिरवून पुन्हा. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी बाजू, मग परत पहिली. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. पहिल्या खेपेला अर्धा चमचा निघाला तर उत्तम; चार थेंब निघाले तरी ते बाळाच्या गालात सोडायचे.

काढलेला चीक लगेच द्या. पंचवीस अंशांच्या खोलीत तो चार तास टिकतो, पण मे महिन्यातल्या वडोदऱ्यात पंख्याखालची खोली पंचवीस अंशांची नसते. द्यायला वेळ असेल तर झाकून फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही, आत. पाजताना बाळ अर्धवट बसतं धरा, चमचा खालच्या ओठावर टेकवा आणि त्याला जिभेनं ओढू द्या. ओतायचं नाही. घरात चांदीचं बोंडलं असेल तर आजी ते काढतीलच. उकळून घेतलंत तर चालेल, पण चोचीचा आतला भाग घासता येत नाही, म्हणून रोजच्या वापराला उघडी वाटी आणि चमचाच बरा.

लेकीला गरोदरपणातला मधुमेह असेल तर हे आधीच शिकून ठेवायला हवं, कारण अशा बाळाची साखर जन्मानंतर उतरू शकते आणि डॉक्टर टाचेतून रक्त घेऊन ती तपासत राहतात. ३६ आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी हो म्हटलं तर, दिवसातून एक-दोनदा थोडा चीक काढून सिरिंजमध्ये गोठवून ठेवता येतो. आधी वेळेपूर्वी कळा आलेल्या असतील, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल किंवा वार खाली असेल तर हे करायचं नाही.

दुसरी रात्र. हिची तयारी कोणी करत नाही आणि सगळे नियम इथेच मोडतात. पहिला दिवस बाळ झोपतं, सगळे खुश. दुसऱ्या रात्री ते दर तासाला, कधी अर्ध्या तासाला उठतं, छातीवरून काढलं की रडतं. आईची झोप नाही, टाके ठणकतात, शेजारच्या खाटेवरच्या बाई सल्ला देतात. हे उपासमारीचं लक्षण नाही. बाळ पुढच्या दिवसाच्या दुधाची मागणी नोंदवतं आहे. त्या रात्री डबा फोडला तर तिसऱ्या दिवशीचं दूध उशिरा येतं. म्हणून दुसऱ्या रात्री लेकीजवळ थांबायला पहिल्या रात्री जागलेली व्यक्ती नको. पाळी लावा, आणि थांबणाऱ्या व्यक्तीला एकच काम द्या: बाळ उचलून देणं, ढेकर काढणं, कपडा बदलणं. भेटायला येणाऱ्यांना पाचवीनंतर बोलवा; परक्या माणसांसमोर पदर घेऊन शिकणं कोणालाच जमत नाही.

पुरतं आहे की नाही हे छाती दाबून कळत नाही, लंगोट बघून कळतं. पहिल्या दिवशी किमान एक लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी पहिले दोन दिवस काळी, डांबरासारखी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट. पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. चीक सारक आहे, काळी शी लवकर निघते ती त्यानंच, आणि तिच्याबरोबर काविळीचं पिवळं द्रव्यही बाहेर जातं. ‘आईच्या दुधानं कावीळ झाली म्हणून बंद करा’ हा सल्ला पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा उलटा असतो. तेव्हाची कावीळ बरेचदा कमी पाजल्यानं वाढते. वजन उतरतंच. तीन किलोचं बाळ २,७९० ग्रॅमपर्यंत आलं तर काळजी नाही. २,७०० च्या आसपास गेलं, म्हणजे दहा टक्के, तर धरवणं तपासायचं, काढून पाजायचं आणि डॉक्टरांशी बोलायचं. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं.

पहिल्या चोवीस तासांतच अंग पिवळं दिसलं, चोवीस तासांत काळी शी झाली नाही, बाळ उठवूनही चोखत नाही, हिरवी उलटी झाली, अंग थरथरलं किंवा गार पडलं, तर वाट पाहायची नाही. आणि डॉक्टरांनी साखर तपासून वरचं दूध लिहून दिलं तर हट्ट करू नका. आधी काढलेला चीक, कमी पडला तर दूध-पेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, दूध मिळतं का विचारा, नाहीतर पावडर, मोजून आणि चमच्यानं, आणि छातीला लावणं चालू ठेवून. बहुधा काही दिवसांनी ते थांबवता येतं.

आईनं खरोखर पाजू नये अशी कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: बाळाला दुधातली साखर न पचण्याचा जन्मजात आजार, आईचे कर्करोगाचे काही उपचार, स्तनावर नागिणीच्या जातीचे ताजे फोड असतील तर त्या बाजूनं. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला बारा तासांच्या आत लस आणि प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन, आणि चीक द्यायला हरकत नाही. एचआयव्ही असेल तर उपचार केंद्राच्या सल्ल्यानं. औषधं नियमित चालू असतील तर आपल्याकडेही केवळ आईचं दूध हाच सल्ला आहे, अर्धं हे अर्धं ते मात्र नाही.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा, दवाखाना सरकारी असो की अलकापुरीतला खासगी, तीन गोष्टी तोंडी विचारा: सिझेरियन झालं तर बाळ किती वेळ आईपासून लांब ठेवता, रात्री बाळ आईजवळ असतं का, आणि वरचं दूध द्यायच्या आधी आम्हांला विचाराल का. कंपनीच्या डब्याचा नमुना कोणी दिला तर घेऊ नका. १९९२ च्या कायद्यानं तो देण्याला मनाई आहे. आणि फाइलच्या पहिल्या पानावर, कारण रात्रपाळीची आयाबेन तुमचं दिवसाचं बोलणं ऐकलेली नसते, जाड पेननं तिच्या भाषेत एक चिठ्ठी चिकटवा: ‘बाळकने मानुं पहेलुं धावण ज आपवुं. पूछ्या विना उपरनुं दूध आपवुं नहीं.’ (बाळाला आईचं पहिलं दूधच द्यावं. विचारल्याशिवाय वरचं दूध देऊ नये.) खाली रात्री जवळ असणाऱ्याचा फोन नंबर.